आधी बूड दाखव : जपानी फुलदाणी ओळखायची कशी

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. शनिवारी सकाळी गराज सेल धुंडाळत फिरायचं, हा तिचा तिथला छंद. गेल्या वर्षी तिने मला एका फुलदाणीचे सात फोटो पाठवले. पोटावर गुलाब, मागे धुक्यातलं तळं, दोन्ही बाजूंना कानासारख्या मुठी आणि जिथे जागा मिळाली तिथे सोनं. खाली प्रश्न होता, "दादा, 12 डॉलरला मिळाली. जपानी आहे म्हणाली ती बाई. जुनी असेल का?"

मी लिहिलं, "उलटी कर आणि बुडाचा फोटो पाठव."

"अरे, आधी बघ तरी किती सुंदर आहे!"

"सुंदर आहे गं. बूड दाखव."

आठवा फोटो आला. हिरव्या रंगात गोलसर पानांची माळ, माळेच्या आत इंग्रजी एम, वरती 'हँड पेंटेड' आणि खाली एकच शब्द : निप्पॉन. त्या एका शब्दावरून फुलदाणीचा काळ सांगता येतो. मात्र त्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर माणूस फसतोही. या लेखात दोन्ही गोष्टी बघू.

जकात खात्याने लिहिलेला इतिहास

अमेरिकेने 1890 मध्ये मॅकिन्ले टॅरिफ नावाचा आयात कराचा कायदा केला. 1891 पासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात बनला ते इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. जपानी कारखानदारांनी आपल्या देशाचं नाव रोमन अक्षरांत लिहिलं, पण नाव घेतलं आपल्याच भाषेतलं, निप्पॉन. तीस वर्षं ते चालून गेलं. मग 1921 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी ठरवलं की निप्पॉन हा शब्द इंग्रजी नाही, यापुढे 'जपान' असंच लिहा. आपण मालावर 'भारत' लिहावं आणि समोरच्याने 'इंडिया' लिहून आणा म्हणून परत पाठवावं, तसा हा प्रकार.

या सरकारी हट्टाचा संग्राहकांना फार फायदा झाला. बुडावर देशाचं नाव म्हणून 'निप्पॉन' असेल तर नग साधारण 1891 ते 1921 मधला. 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल तर बहुधा त्यानंतरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर दोस्तांच्या फौजांचा ताबा होता, त्या काळातल्या निर्यातीच्या मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' अशी खूण मिळते. एप्रिल 1952 मध्ये ताबा संपला आणि ही खूणही संपली. सगळ्याच नगांवर ती नसे, काहींवर तेव्हाही नुसतं 'जपान' होतं. पण जिथे आहे तिथे काळ अगदी चिमटीत पकडता येतो.

इथे एक खाचखळगा आहे. 'निप्पॉन तोकी काइशा' हे एका कंपनीचं नाव होतं, म्हणजे 'जपान चिनीमाती कंपनी'. त्या नावात निप्पॉन आहे म्हणून नग 1921 पूर्वीचा ठरत नाही. युद्धानंतरच्या मालावरही ते नाव सापडतं. देशाचं नाव वेगळं, कंपनीचं वेगळं.

माझ्या बहिणीच्या फुलदाणीतला एम याच कंपनीशी जोडलेला. एम म्हणजे मोरीमुरा. मोरीमुरा बंधूंनी 1876 मध्ये व्यापारी पेढी काढली आणि त्याच वर्षी धाकटा भाऊ न्यूयॉर्कला दुकान थाटायला गेला. पुढे 1904 मध्ये त्यांनी नागोयाजवळच्या नोरीताके या खेड्यात कारखाना उभारला. गावाचं नाव मालाला चिकटलं आणि शेवटी 1981 मध्ये कंपनीनेही तेच अधिकृतपणे घेतलं. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांना हवे तसे गुलाब, हवी तशी तळी त्यांनी जपानात रंगवून घेतली. म्हणून या फुलदाण्या पाहून 'यात जपानी काय आहे?' असं वाटतं. वाटणारच, कारण त्या जपान्यांसाठी नव्हत्याच.

एवढं सोनं आणि एवढी नक्षी का, यालाही कारण आहे. युरोपात बनते तशी शुभ्र, सपाट, मोठी जेवणाची ताटली या कारखान्याला कैक वर्षं जमत नव्हती. पहिला पूर्ण डिनर सेट तयार झाला तो 1914 मध्ये, कारखाना निघाल्यावर दहा वर्षांनी. तोवर दुकान चालवायचं तर फुलदाण्या, डबे, शोभेच्या थाळ्या, म्हणजे जिथे मातीपेक्षा रंगकाम विकलं जातं असा माल. नोरीताकेचीच आणखी एक जुनी खूण आहे. वर्तुळात दोन्ही टोकांना भाल्यासारखी झालेली, कोळ्यासारखी दिसणारी एक आकृती. तिच्या मुळाशी 'अडचण' या अर्थाचं चित्राक्षर आहे : चौकटीत अडकलेलं झाड. चौकटीचं वर्तुळ केलं आणि झाडाच्या टोकांना भाल्याची धार दिली, म्हणजे अडचण फोडून बाहेर पडायचं. परक्या देशात माल विकताना त्यांना काय काय सोसावं लागलं असेल, ते या चिन्हात आहे.

आता फसवणुकीचं. निप्पॉन खुणांच्या फुलदाण्यांना अमेरिकेत भाव आला तशा नकला निघाल्या. नकलांच्या पहिल्या पिढीत गंमत होती : माळ उलटी आणि आत एमऐवजी वाळूच्या घड्याळासारखं काहीतरी. पुढे नकलाकारांनी चूक सुधारली आणि एम बरोबर काढायला लागले. म्हणजे आता खूण बरोबर असून नग खोटा, असंही होतं. त्यामुळे बहिणीला मी लगेच 'जुनी आहे' असं कळवलं नाही. आणखी चार फोटो मागवले, त्यांच्याकडे नंतर येतो.

खूण कुणासाठी?

बुडावरची खूण म्हणजे कारागिराची सही, असं आपण धरून चालतो. पण वर सांगितलेलं निप्पॉन कुणाची सही नव्हे, तो जकात खात्यासाठी लिहिलेला मजकूर आहे. खूण बघितली की माझ्या मनात पहिला प्रश्न 'कुणाची' हा येत नाही, 'कुणी वाचावी म्हणून काढली' हा येतो. त्याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

याचं सगळ्यात झकास उदाहरण आरिताचं. क्यूशू बेटावरच्या आरिता गावात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनची, म्हणजे शुभ्र, कडक चिनीमातीच्या भांड्यांची माती सापडली आणि जपानातलं पहिलं पोर्सिलेन तिथे बनलं. माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर जाई म्हणून त्याला इमारी म्हणू लागले. आपल्याकडे कापड बनलं कुठेही तरी विकणाऱ्या पेठेचं नाव चिकटतं, तसंच. चीनमध्ये मिंग राजवट कोसळताना तिथल्या भट्ट्या थंडावल्या, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने 1650 च्या दशकात आरिताकडे मोर्चा वळवला. तर या आरिताच्या कितीतरी भांड्यांच्या बुडावर सहा अक्षरं असतात आणि त्यांचा अर्थ होतो : 'महान मिंग राजवटीत, चेंगहुआ काळात बनवले'. चेंगहुआ हा चीनचा बादशहा, त्याचा काळ 1465 ते 1487. आरितात पोर्सिलेन बनायला लागलं तेव्हा तो जाऊन शंभरावर वर्षं उलटली होती.

ही लबाडी होती का? आजच्या अर्थाने म्हणवत नाही. चेंगहुआ काळातली भांडी म्हणजे उत्तमाचा मापदंड. ती सहा अक्षरं म्हणजे 'त्या तोडीचं' अशी सलामी. हळूहळू ती बुडावरची नक्षीच होऊन गेली, अर्थ कुणी बघेना. पण आजचा विक्रेता मोबाइलवर भाषांतर करतो आणि पाटी लावतो : मिंग काळ, पाचशे वर्षं जुनी. भाषांतर बरोबर, निष्कर्ष साफ चूक.

काही खुणा तर नुसते आशीर्वाद असतात. 'फुकू' हे एक अक्षर, अर्थ सौभाग्य, कुतानी नावाच्या गावावरून ओळखल्या जाणाऱ्या भांड्यांवर चौकटीत हमखास दिसतं. ते कुणाचं नाव समजून शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही.

चित्राक्षरांची भीती घालवायची तर

जपानी येत नाही म्हणून बरेच जण इथेच हात टेकतात. त्याची गरज नाही. बुडावर येणारी अक्षरं तीच तीच असतात, आणि सात-आठ ओळखता आली तरी वाट दिसायला लागते.

पहिली अडचण म्हणजे फुलदाणी कशी धरायची. गोल बूड, त्यात वर कुठलं आणि खाली कुठलं? यावर माझा तोडगा त्रिशुळाचा. कारागिरांची आणि कार्यशाळांची पुष्कळ नावं 'झान'ने संपतात, म्हणजे डोंगर. हे अक्षर म्हणजे तळाच्या आडव्या रेघेवर उभ्या तीन रेघा, मधली उंच. दांडी काढून ठेवलेला त्रिशूळच. तो उभा दिसेपर्यंत फुलदाणी फिरवायची. त्रिशूळ नसेल तर माणूस शोधायचा : हात पसरून, पाय फाकवून उभा असलेला काड्यांचा माणूस, म्हणजे 'दाइ', मोठा. तो पायांवर उभा राहिला की अक्षरं सुलट आली.

मग वाचायचं वरून खाली, आणि ओळी दोन-तीन असतील तर उजवीकडून डावीकडे. 'दाइ'च्या खाली दोन फळ्यांच्या खिडकीसारखं अक्षर, म्हणजे उभा आयत आणि मध्ये आडवी रेघ, आणि त्याखाली बुंध्यावर आडवी खूण केलेलं झाड दिसलं, की ते 'दाइ निप्पॉन', महान जपान. मेइजी काळात, म्हणजे 1868 ते 1912 दरम्यान, देशाभिमानाचं वारं होतं आणि निर्यातीच्या मालावर ही तीन अक्षरं थाटात मिरवत. नावाच्या शेवटी बहुधा 'झो', 'सेइ' किंवा 'साकू' यांपैकी काही येतं. तिन्हींचा अर्थ 'बनवले'. 'गा' असेल तर 'रंगवले', आणि तो फरक मोठा आहे. माती एकाने घडवली, भट्टी दुसऱ्याने लावली आणि सही चित्रकाराची, हे सर्रास होतं. कुतानीत तर तयार कोरी भांडी आणून त्यांवर रंगकाम करणाऱ्यांच्या सह्या पुष्कळ.

कुतानी हे नाव दोन अक्षरांचं. पहिलं नऊ : एक तिरकी रेघ आणि तिला छेदून उजवीकडे गळासारखी वळलेली दुसरी. दुसरं दरी : वर उतरत्या छपरांच्या जोड्या आणि खाली चौकोनी तोंड. नऊ दऱ्यांचं गाव. एकदा डोळ्यांत बसलं की दुकानाच्या दारातून ओळखू येतं. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल, हे कुतानीचे पाच रंग. मेइजी काळात लाल आणि सोन्याचं प्रमाण फार वाढलं.

चौकोनी शिक्क्यातली वळणदार अक्षरं मात्र वेगळ्या, प्राचीन लिपीशैलीतली असतात. तिथे मोबाइलचं भाषांतर गडबडतं, आणि आपल्यालाही मोडी वाचता येते म्हणून शिलालेख वाचता येत नाही, तसं साध्या जपानी वाचकाचंही होतं. अशा वेळी छापील खुणांच्या कोशात आकार जुळवणं हाच मार्ग. मातीत दाबून उमटवलेला शिक्का वाचायचा तर वरून प्रकाश टाकू नका, दिवा बाजूला धरा. सावली पडली की अक्षरं उठून दिसतात.

काही खुणा वाचायच्याही नसतात, फक्त ओळखायच्या. डोंगर आणि खाली वाहणारा ओढा म्हणजे आरिताची फुकागावा ही पेढी. डोंगर अर्थातच फुजी. ऑर्किडचं रोप म्हणजे आरिताचीच कोरान्शा ही कंपनी.

सात्सुमा, आणि माझी फजिती

जपानी फुलदाणी म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती सात्सुमा : दुधावरच्या सायीच्या रंगाची, बारीक तड्यांच्या जाळीची आणि सोन्याने मढवलेली. नाव दक्षिणेकडच्या सात्सुमा संस्थानाचं, तिथले सरदार शिमाझू घराण्यातले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1592 ते 1598 दरम्यान कोरियावर स्वाऱ्या केल्या, त्या फौजांनी परतताना कोरियन कुंभार धरून आणले. सात्सुमातले मूळ कुंभार हेच. पकडून आणलेल्या माणसांनी घडवलेली माती पुढे जपानची शान म्हणून जगभर मिरवली, हे मला ती फुलदाणी हातात घेताना दर वेळी टोचतं. त्यांतल्या चिन जुकान घराण्याचे वंशज आजही तिथे भट्टी चालवतात.

1867 च्या पॅरिस प्रदर्शनात सात्सुमा संस्थानाने शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या सरकारपासून वेगळा, स्वतःच्या नावाने गाळा मांडला. पुढे 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात चिन जुकान बाराव्याच्या भव्य फुलदाण्या गाजल्या आणि युरोपला सात्सुमाचं वेड लागलं. मागणी एवढी की एकटं सात्सुमा ती पुरवू शकेना. मग क्योतो, ओसाका, योकोहामा, जिथे चित्रकार तिथे 'सात्सुमा' बनायला लागली. म्हणजे आज बाजारात दिसणारी पुष्कळशी सात्सुमा ही सात्सुमात बनलेलीच नाही. क्योतोच्या आवाता भागातली किंकोझान ही त्यांतली मोठी पेढी. ओसाकात याबू मेइझान. त्याने 1880 च्या सुमारास कार्यशाळा काढली. त्याच्या फुलदाणीवर वीतभर जागेत शेकडो माणसांची मिरवणूक असते आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

शिमाझू घराण्याचं चिन्ह म्हणजे वर्तुळात अधिकाचं चिन्ह. हे चिन्ह पुढे सगळ्यांनीच वापरलं, क्योतोवाल्यांनीही. ते दिसलं तर एवढंच कळतं की बनवणाऱ्याला 'सात्सुमा' म्हणून विकायचं होतं.

आता फजिती. पंधराएक वर्षांपूर्वी मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मला एक फुलदाणी दिसली. सायीचा रंग, तडे, मोर, सोनं. दुकानदाराने शपथेवर सांगितलं, दोनशे वर्षांची आहे. बुडावर लाल चौकोनी शिक्का, त्यावर शिमाझूंचं चिन्ह आणि खाली चक्क इंग्रजीत 'रॉयल सात्सुमा'. मी हरखलो. नावच लिहिलंय म्हटल्यावर आणखी काय हवं? घासाघीस करून, पगाराचा बरा हिस्सा मोजून घेतली. घरी आणून भिंग लावलं तेव्हा मोराच्या पिसाऱ्यात ठिपक्यांची जाळी दिसली, वर्तमानपत्रातल्या फोटोत असते तशी. चित्र छापलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराने आपल्या भांड्यावर इंग्रजीत 'रॉयल सात्सुमा' का लिहावं, हा प्रश्न मला दुकानात पडला नाही. खूण कुणासाठी, हे तेव्हा विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं : माझ्यासारख्यासाठी. अशी इंग्रजी 'सात्सुमा' लिहिलेली भांडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, बरीचशी चीनमध्ये बनलेली असतात. ती फुलदाणी अजून घरात आहे. छत्र्या ठेवायला बरी पडते.

खूण झाकून बघा

तेव्हापासून माझी सवय बदलली. फुलदाणी हातात आली की बुडाच्या मधल्या भागावर अंगठा ठेवायचा, खूण झाकायची आणि बाकीचं सगळं आधी बघायचं. (बहिणीकडून बुडाचा फोटो आधी मागितला खरा, पण बुडावर खूण सोडून पुष्कळ काही असतं.)

भांडं जमिनीला टेकतं ती बुडाची कडा सगळ्यात बोलकी. तिथे झिलई नसते, उघडी माती दिसते. शंभर वर्षं फडताळांवर सरकवलेल्या भांड्याची ही कडा गुळगुळीत होते, मळ मातीच्या कणांत शिरलेला असतो आणि ओरखडे वाट्टेल त्या दिशांना असतात. मुद्दाम मळवलेली कडा सगळीकडे सारखी तपकिरी दिसते, चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखी. नखाने खरवडली तर मळ सुटतो.

मग माती कुठली ते बघायचं. मोबाइलचा टॉर्च आत सोडला आणि अंग उजळलं तर पोर्सिलेन. आरिता, नोरीताके, बहुतेक नवी कुतानी यांत बसतात. सात्सुमाची माती मऊ, तिच्यातून उजेड येत नाही. टिचकी मारली तर पोर्सिलेन टणटणतं, सात्सुमा बद्द वाजते. जिचं अंग उजळतं आणि जी खणखणते, ती सात्सुमा नव्हे, बुडावर काहीही लिहिलेलं असो.

निळा रंगही तारीख सांगतो. जुन्या आरिताचा निळा नैसर्गिक खनिजातला, त्यात करडी झाक, जरा पसरट. 1870 मध्ये गॉटफ्रिड वाग्नेर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला आला आणि त्याने रासायनिक कोबाल्ट वापरायला शिकवलं. तो निळा भडक, जांभळ्याकडे झुकणारा. असा निळा असलेलं भांडं 'अठराव्या शतकातलं' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जावं. त्याच सुमारास निळी नक्षी हाताने काढण्याऐवजी छापून उमटवायचीही पद्धत आली. अशा भांड्यावर नक्षीचा सांधा शोधा. कागदाच्या दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे वेल तुटतो किंवा फुलावर फूल चढतं. हे छापील काम जुनंच असतं, नकली नव्हे. छापील म्हणजे खोटं असा सरसकट नियम करू नका. माझा मोर खोटा होता तो ठिपक्यांच्या जाळीमुळे. ती आधुनिक छपाईची निशाणी.

सोनं जिथे हात लागतो तिथे झिजायला हवं : मुठी, ओठ, पोटाचा फुगवटा. सगळीकडे सारखं चकचकीत पितळी सोनं असेल तर शंका घ्यावी. सारखंच झिजलेलं असेल तर दुप्पट.

बहिणीकडून मी मागवलेले चार फोटो म्हणजे बुडाची कडा, मूठ जवळून, एक गुलाब भिंगातून आणि आतून टॉर्च. गुलाबाच्या पाकळीत कुंचल्याच्या केसांच्या रेघा होत्या, सोनं मुठींच्या वरच्या बाजूला पातळ झालेलं, आणि अंग उजळलं. मगच खुणेवरचा अंगठा काढला.

मीनाकारीची भावंडं

मातीची नसलेली एक जात सांगायलाच हवी : शिप्पो. तांब्याच्या भांड्यावर बारीक तारेने नक्षीची घरं करायची, त्यांत काचेची रंगीत पूड भरायची, भाजायचं, घासायचं, पुन्हा भरायचं. आपल्या मीनाकारीचं भावंडच. 'शिप्पो' म्हणजे सात रत्नं. बौद्ध परंपरेतली आपली सप्तरत्नं चीनमार्गे जपानला पोहोचली आणि या कलेचं नाव झाली. हिचे दोन महान कारागीर एकाच आडनावाचे : क्योतोचे नामिकावा यासुयुकी आणि तोक्योचे नामिकावा सोसुके. नात्याने एकमेकांचे कुणी नव्हेत, आडनावांची चित्राक्षरंही वेगळी. पहिला चांदीच्या केसासारख्या तारेचा बादशहा. दुसऱ्याने भाजण्याआधी तार काढून टाकून रंग एकमेकांत विरघळू दिले, जलरंगाच्या चित्रासारखे. 1896 मध्ये दोघांनाही राजघराण्याचे मानकरी कलावंत नेमलं गेलं. त्यांच्या सहीचा नग चोरबाजारात मिळेल ही आशा सोडून द्या. साधी, बिनसहीची शिप्पो मात्र मिळते आणि ती घ्यावी. विकत घेताना अंगावर नख फिरवून खड्डे, भेगा तपासायच्या. फुटलेला मीना पुन्हा नीट भरता येत नाही.

टवके, खोके आणि किंमत

खूण खरी आहे म्हणून भाव मिळतोच असं नाही. ओठाला टवका, पोटाला केसासारखी चीर असेल तर किंमत झपाट्याने उतरते. बुडाला भोक असेल तर आणखी. विजेचे दिवे आले तेव्हा युरोप-अमेरिकेत हजारो फुलदाण्या भोकं पाडून टेबललॅम्प झाल्या, आणि बरेचदा ते भोक खुणेच्या बरोबर मधूनच जातं. लपवलेली दुरुस्ती अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चखाली वेगळी चमकते; हा टॉर्च फार महाग नसतो आणि पहिल्याच खरेदीत वसूल होतो.

जपानी संग्राहक स्वतः बुडाइतकंच महत्त्व खोक्याला देतात. किरी नावाच्या हलक्या लाकडाचा खोका, झाकणावर कारागिराच्या हातची शाईतली नोंद आणि लाल शिक्का. अस्सल खोक्याने किंमत चढते, म्हणून जुन्या खोक्यात भलतंच भांडं बसवून विकण्याचीही कला आहे. भांडं खोक्यात डगमगत असेल किंवा बसतच नसेल, तर ते त्या खोक्याचं नव्हे.

अस्सल माल डोळ्यांखालून घातल्याशिवाय हे काही अंगवळणी पडत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी दालन आहे. टाटांचं जपानशी नातं नुसत्या हौसेचं नव्हतं, 1893 मध्ये जमशेटजींच्या पुढाकाराने मुंबई-कोबे जहाजं सुरू झाली ती कापूस न्यायला. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडून येणाऱ्या जहाजांत आपल्यासाठी खास बनलेला माल असे : रंगीत उठावाच्या फरशा, त्यांवर राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून उतरवलेले कृष्ण आणि लक्ष्मी. जुन्या घराच्या देवघरात किंवा जिन्यात अशी फरशी निखळलेली दिसली तर मागची बाजू बघा. तिथे 'मेड इन जपान' वाचायला मिळण्याची बरीच शक्यता आहे.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आपल्याकडून परदेशी न्यायला 1972 च्या पुरावशेष कायद्याचं बंधन आहे. परदेशातल्या नातेवाइकांना आजोबांची फुलदाणी सुटकेसमध्ये घालून देण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

बहिणीला मी शेवटी कळवलं : निप्पॉन काळातली, मोरीमुरांची, अस्सल, 12 डॉलरला घेतलीस ते उत्तम केलंस. तिचं उत्तर लगेच आलं.

"मग यात फुलं ठेवू ना?"

"ठेव. पण पाणी थेट ओतू नकोस, आत काचेचा ग्लास बसव. आणि पुढच्या शनिवारी सात्सुमा मिळाली तर तिच्यात ग्लाससुद्धा नको. तड्यांतून पाणी आत शिरतं आणि डाग कायमचा बसतो."

"आणि धुवायची कशी?"

"कोमट पाणी, मऊ फडकं. सोन्यावर घासायचं नाही. डिशवॉशरचं तर नावही काढू नकोस."

त्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग एक फोटो आला : डिशवॉशरचं उघडं दार, आत वरच्या खणात गुलाबांची फुलदाणी, आणि खाली, "चालू नव्हता केला अजून."